सिव्हिलमधून सॉफ्टवेअरमध्ये: धंदा बदलण्याचा हक्क आणि त्याचा हिशेब

(१४ एप्रिलच्या निमित्तानं तांबरम, चेन्नई इथं नोकरीसाठी आलेल्या मराठी तरुण-तरुणींपुढं केलेलं भाषण. लिहून काढताना थोडं आवरतं घेतलं आहे.)



आज गावाकडं मिरवणुका निघाल्या असतील आणि आपण चाळीस-पन्नास जण तांबरमच्या या हॉलमध्ये पंख्याखाली बसलोय. कुणी ओरगडमच्या कारखान्यात आहे, कुणी मेप्झमध्ये, कुणी पेरुंगळत्तूरच्या आयटी पार्कमध्ये. बहुतेकांच्या घरात पदवी घेणारे आपण पहिलेच. संयोजकांनी मला विषय दिला, ‘सिव्हिल सोडून सॉफ्टवेअरमध्ये’. या विषयावर मला जे फोन येतात त्यात तीनच प्रश्न असतात. ताई, सिव्हिल का सोडलं? कसं सोडलं? आणि आम्ही सोडावं का? मी त्याच क्रमानं बोलते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना एकच नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सोडलं का, हे सांगायचं तर आधी धरलं का ते सांगावं लागेल. महाराष्ट्रातली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माझी आई परभणी जिल्ह्यात या कामांवर खडी फोडायची, मातीच्या पाट्या वाहायची. तिथं मजुरी दिवसावर नव्हती, कामाच्या मापावर होती. किती ब्रास खडी, किती माती, हे मोजून पैसे. मोजणारा साहेब यायचा, टेप लावायचा, वहीत आकडा लिहायचा आणि त्या आकड्यावर आमच्या घरात आठवडाभर काय शिजेल ते ठरायचं. ज्याच्या हातात टेप त्याच्या हातात मजुरी, हे आई शाळेत न जाता शिकली होती. म्हणून बारावीनंतर मला सिव्हिल मिळालं तेव्हा ‘कॉम्प्युटर का नाही मिळालं’ असं घरात कुणी विचारलं नाही. आपली पोरगी टेप धरणार, एवढंच आईला पुरेसं होतं.

तुमच्यापैकी ज्यांनी सिव्हिल घेतलं त्यांची गोष्ट थोड्याफार फरकानं अशीच असेल. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, पाणीपुरवठा, नगरपालिका, या सगळ्या खात्यांना सिव्हिलचा माणूस लागतो आणि तिथं आरक्षण आहे. आपल्या घरांनी सिव्हिलकडं पाहिलं ते सरकारी नोकरीचं दार म्हणून.

या देशात इंजिनीअरिंगचं शिक्षण मुळात सुरू झालं तेच सरकारच्या कामासाठी. इथून लोकलनं अर्ध्या तासावर गिंडी आहे. तिथल्या इंजिनीअरिंग कॉलेजचं मूळ १७९४ साली निघालेल्या सर्वेक्षणाच्या शाळेत आहे. पुण्याचं कॉलेज १८५४ मध्ये सुरू झालं, कारण बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती. धरणं, रस्ते, रेल्वे बांधली गेली तेव्हा आपली माणसं तिथं होतीच, पण त्यांच्या हातात पाटी होती, मोजपट्टी नव्हती. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपचा आधार होता, त्यानंतर कुठं गावोगावची आपली पोरं मोठ्या संख्येनं या शाखेपर्यंत पोचली. पोचली तेव्हा बाजार बदलत होता. पैसा कॉम्प्युटरकडं चालला होता. प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये ज्यांना क्लास लावता आले ते तिकडं गेले आणि आपल्याला जी शाखा उरली ती मिळाली.

पदवी घेऊन मी पुण्याजवळ एका साइटवर लागले. पगार महिना ११,००० रुपये. अडीच वर्षं तिथं काढली. त्या अडीच वर्षांत तीन गोष्टी समजल्या.

पहिली, सिव्हिलमध्ये पदवीनं नोकरी मिळते, पण पैसा ठेक्यात आहे आणि ठेक्याला घरचं भांडवल लागतं. माझ्या वर्गातल्या ज्यांच्या घरी जमीन होती, डंपर होता, पंचायत समितीत चुलता होता, ते तीन-चार वर्षांत ठेकेदार झाले. नोंदणी, अनामत रक्कम, बँकेची हमी, आणि बिल निघेपर्यंत मजुरांचे पैसे खिशातून भागवायची ताकद, हे सगळं लागतं. आमच्यातला एकही ठेकेदार झाला नाही. आम्ही त्यांच्याकडं सुपरवायझर झालो. परीक्षेत आमचे गुण जास्त होते, पण कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

दुसरी, साइटवर जात पायापासून गच्चीपर्यंत दिसते. माझ्या साइटवर दगडाचं काम वडार कुटुंबांकडं होतं, पाटीवर मराठवाड्यातल्या आपल्या बायका होत्या, सेंट्रिंगवर बाहेरच्या राज्यातले मजूर होते. मुकादम वेगळा, ठेकेदार त्याहून वेगळा, बिल्डर आणखी वेगळा. टोपीचा रंग बदलत जायचा तशी जातही बदलत जायची. आणि मी इंजिनीअर म्हणून मध्येच उभी. पाटीवरच्या मावश्या माझ्या आडनावावरून मला लगेच ओळखायच्या आणि जपायच्या. वरचेही लगेच ओळखायचे, पण ते जपायचे नाहीत.

तिसरी गोष्ट बायकांना न सांगता कळेल. त्या साइटवर संडास नव्हता. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत मी पाणी न पिता राहायची. मजूर बायकांचंही तेच. चौदा मजल्यांच्या इमारतीत दोनशेच्या वर संडास आम्ही बांधत होतो.

याच काळात सरकारी भरतीची वाट पाहणं चालू होतं. जाहिरात, परीक्षा, निकाल, कोर्टातली स्थगिती, नियुक्ती. या चक्रात तिशी कधी येते कळत नाही. माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण बाकी होतं. वाट पाहायलाही भांडवल लागतं आणि ते आमच्याकडं नव्हतं. म्हणून मी दुसरं दार शोधलं.

इथं बाबासाहेबांचा एक मुद्दा सांगते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली त्यांनी जे भाषण लिहिलं आणि जे मंडळानं होऊ दिलं नाही, त्यात त्यांनी जातीकडं अर्थशास्त्राच्या बाजूनंही पाहिलं आहे. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं. उद्योगधंदे सतत बदलत असतात. एक बसतो, दुसरा उठतो. पोट भरायचं तर माणसालाही धंदा बदलता आला पाहिजे. जात नेमकं तेच करू देत नाही. जन्मानं जो धंदा आला तो बुडाला तरी दुसऱ्याला हात लावायचा नाही. म्हणून या देशातल्या बेकारीचं एक सरळ कारण जात आहे. हे भाषण तुम्ही पुन्हा वाचा आणि या वेळी नोकरी शोधणाऱ्या माणसाच्या नजरेनं वाचा. आपल्याकडं धंदा बदलणं ही आवडीनिवडीची गोष्ट कधीच नव्हती. गावकीची कामं सोडायला, मेलेली ढोरं ओढणं नाकारायला आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसले. मी टेप सोडून कीबोर्ड धरला ते त्या मानानं फार सोपं होतं. पण हक्क तोच आहे.

आणि त्याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखातं सांभाळलं. पाटबंधारे, वीज, सरकारी बांधकाम हे विषय त्या खात्यात होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्या काळातला. नद्यांचं पाणी, सिंचन आणि जलवाहतूक पाहणारा केंद्रीय आयोग १९४५ मध्ये उभा राहिला, तोही त्यांच्याच खात्यात. तेव्हा सिव्हिल हे खालचं आणि सॉफ्टवेअर हे वरचं, अशी नवी उतरंड आपण मनात धरू नये. मी धंदा बदलला. त्या धंद्याची लाज वाटून बदलला नाही.

आता दुसरा प्रश्न. कसं?

मोठ्या कंपन्या कॅम्पसमधून सगळ्या शाखांची पोरं घेतात हे खरं आहे. सिव्हिलचे कितीतरी जण तसेच आले. पण त्या दाराला दोन कुलपं असतात. एक, दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के. दोन, ठरावीक सालात पास झालेले असावेत, मध्ये खंड नसावा. कागदावर यात जात कुठंच नाही. पण दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून, बारावीला वसतिगृह उशिरा मिळालं, पहिल्या वर्षी इंग्रजीतलं गणित डोक्यावरून गेलं आणि एक विषय राहिला, हा कुणाचा इतिहास असतो? मला बारावीला ५७ टक्के होते. ते दार माझ्यासाठी नव्हतं, आणि दोन वर्षं साइटवर काढल्यावर तर नव्हतंच.

मग मी शेजारचं दार पाहिलं. चेन्नईत बांधकामाच्या आराखड्यांचं काम करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. परदेशातल्या इमारतींचे सळईचे तपशील इथं बसून काढतात. त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्याही कंपन्या आहेत. अशा सॉफ्टवेअरची चाचणी करायला त्यांना असा माणूस हवा असतो, ज्याला बीममधली सळई कुठं वाकते हे माहीत आहे. कोड लिहिणाऱ्याला ते माहीत नसतं. अशाच एका छोट्या कंपनीत २०१८ साली मी टेस्टर म्हणून लागले. कॉम्प्युटरची पदवी त्यांनी विचारली नाही. त्यांनी मला सळईचं वेळापत्रक दाखवलं आणि चुका काढायला सांगितल्या. मी काढल्या, कारण साइटवर तेच केलं होतं. टेस्टिंगमध्ये तेच तेच काम हातानं करायचा कंटाळा आला म्हणून छोटे प्रोग्राम लिहू लागले. पावणेदोन वर्षांनी त्यांनी मला डेव्हलपर केलं.

त्याआधीची तयारी साइटवर असतानाच केली. रात्री दीड-दोन तास, जुना लॅपटॉप. क्रम असा होता. आधी पायथॉन, एकच भाषा. मग डेटाबेस आणि एसक्यूएल. मग गिट. मग एक खरं काम. माझं काम होतं साइटवरच्या सिमेंट आणि सळईचा हिशेब ठेवणारा छोटासा प्रोग्राम. तो दिसायला ओबडधोबड होता, पण मुलाखतीत मी त्यावर पाऊण तास बोलू शकले, कारण त्यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते मला ठाऊक होतं. दहा कोर्सची प्रमाणपत्रं जोडण्यापेक्षा स्वतःच्या गरजेतून केलेलं एक काम दाखवा.

शिकायला पैसे फार लागत नाहीत, फसायला लागतात. आयआयटी आणि आयआयएससी मिळून चालवतात ते एनपीटीईएलचे वर्ग फुकट पाहता येतात. आयआयटी मद्रासनं २०२० पासून ऑनलाइन पदवी सुरू केली आहे. तिला जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता फेरी असते, आणि अनुसूचित जाती-जमातींना व कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलत आहे. सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. प्रवेश परीक्षा देऊन सिव्हिलवालेही त्याला जाऊ शकतात आणि शेवटी कंपन्या येतात. उलट ‘नोकरी लागल्यावर फी द्या’ म्हणणाऱ्या क्लासचा कागद नीट वाचा. पुष्कळदा ते तुमच्या नावावर घेतलेलं कर्ज असतं आणि नोकरी लागो न लागो, हप्ता सुरू होतो. नोकरी देतो म्हणून अनामत मागणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आणि खोट्या अनुभवाचं पत्र देणारे या शहरातही आहेत. मोठ्या कंपन्या पगाराच्या नोंदी आणि भविष्य निर्वाह निधीचं खातं तपासतात. एकदा नाव काळ्या यादीत गेलं की आपल्याला सावरून घेणारा मामा-काका कुठं बसलाय?

साइटवरची वर्षं बायोडेटामधून खोडू नका. सिव्हिलमध्ये जे शिकलो ते इथं रोज कामाला येतं. तुम्हाला मापाची वही माहीत आहे, एमबी. एमबीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारायची, बाजूला दुरुस्ती लिहायची, सही करायची. जुना आकडा दिसलाच पाहिजे. गिट म्हणजे दुसरं काय आहे? कुणी, कधी, काय बदललं याची न खोडता येणारी वही. आपण स्लॅबच्या काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब भरून ठेवतो, ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी फोडून पाहतो, तेव्हा कुठं एम-२० ला एम-२० म्हणतो. कोडचीही तशीच चाचणी लिहायची असते आणि ती आधीच ठरवायची असते. वरचा साहेब येऊन आपलं माप पुन्हा मोजतो तसं इथं दुसरा डेव्हलपर आपला कोड तपासतो. माझ्या मुलाखतीत मी हे असंच सांगितलं होतं. पुढं इंग्रजी तुटक होतं, पण मुद्दा पोचला.

इंग्रजीबद्दल एकच सांगते. बोलण्याचं इंग्रजी उशिरा आलं तरी चालतं, वाचण्याचं आधी आलं पाहिजे. आपलं सगळं काम दस्तऐवज वाचण्यावर चालतं. रोज दोन पानं वाचा, शब्द वहीत मराठीत लिहा. मुलाखतीत इंग्रजी अडखळतं म्हणून गप्प बसू नका. कागदावर आकृती काढा. सिव्हिलवाल्याला आकृती काढता येते, हे आपलं बळ आहे.

पैशाचं गणित मात्र कुणी सांगत नाही. धंदा बदलताना पगार आधी कमी होतो. मी चेन्नईला आले तेव्हा हातात साइटपेक्षा थोडेच जास्त पडत होते आणि भाडं नवीन होतं. मी राजीनामा दिला तो सहा महिन्यांचं भाडं आणि सहा महिने घरी पाठवायचे पैसे बाजूला टाकल्यावर. त्यासाठी अकरा महिने लागले. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना कुणीही सांगेल की उडी मार, जाळं खाली आहे. आपलं जाळं आपल्यालाच विणावं लागतं. तांबरम निवडलं तेही याच हिशेबानं. जुन्या महाबलीपुरम रस्त्यापेक्षा इथं भाडं कमी आणि दारात लोकल. ही विजेवरची लाइन १९३१ पासून चालू आहे आणि महिन्याचा पास अजूनही आपल्या खिशाला झेपतो. मेप्झ इथं १९८४ पासून आहे, त्यामुळं काम करणाऱ्या बायकांना खोली द्यायची या भागाला सवय आहे.

या भागाबद्दल आणखी दोन गोष्टी सांगते, कारण पोटापाण्यासाठी आलो तरी आपण कुठं राहतो ते माहीत असावं. इथल्या सॅनेटोरियम स्टेशनजवळ राष्ट्रीय सिद्ध संस्थेचं रुग्णालय आहे. त्याला अयोत्तीदास पंडितांचं नाव आहे. अयोत्तीदास स्वतः सिद्ध वैद्य होते. १८९८ मध्ये ते बौद्ध धम्माकडं वळले आणि १९०७ पासून त्यांनी एक पैशाचं तमिळ साप्ताहिक चालवलं. बाबासाहेबांच्या दीक्षेच्या जवळजवळ साठ वर्षं आधी या मातीत हे घडत होतं. आणि याच लाइनवर पुढं चेंगलपट्टू आहे. तिथं फेब्रुवारी १९२९ मध्ये स्वाभिमान चळवळीची परिषद भरली आणि नावामागची जात टाकून द्यायचा ठराव झाला. तुमच्या तमिळ सहकाऱ्यांच्या नावापुढं फक्त बापाचं आद्याक्षर असतं, त्यामागं हा इतिहास आहे. म्हणून तमिळनाडूत जात संपली असं समजू नका. खोली शोधताना ‘व्हेज की नॉनव्हेज’ हा प्रश्न इथंही येतो. पण आडनाव न विचारणाऱ्या शहरात मुलाखत देताना मला पहिल्यांदा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटला, हेही खरं.

तरी आपण ज्या उद्योगात आलो तो काही जातीबाहेरचा नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. इथं जागा भरतात त्या पुष्कळशा ओळखीनं, ज्याला ‘रेफरल’ म्हणतात. ज्याच्या घरातले, सोसायटीतले, कॉलेजमधले दहा जण आधीच आत आहेत त्याला दहा रेफरल मिळतात. आपले आत नाहीत, म्हणून आपल्याला मिळत नाहीत. ठेकेदारीतला चुलता इथं दुसऱ्या वेशात भेटतो. जेवणाच्या टेबलावर ‘जेईईला रँक किती होती’ हा प्रश्न सहज विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला खरं काय जाणून घ्यायचंय ते तुम्हाला कळतं. अमेरिकेतही ही गोष्ट पोचली आहे. २०२० मध्ये कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा खटला भरला. कंपनीनं आरोप नाकारले. दोन व्यवस्थापकांवरचा दावा २०२३ मध्ये मागं घेण्यात आला, कंपनीवरचा तेव्हा कायम राहिला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. म्हणजे कोड कुठंही लिहा, प्रश्न चर्चेत आहे आणि निकाल लागायचा आहे.

म्हणून तिसऱ्या प्रश्नावर येते. आम्ही सोडावं का?

ज्यांचं सरकारी परीक्षेचं वय शिल्लक आहे आणि घर आणखी एक-दोन वर्षं थांबू शकतं, त्यांनी घाईनं सिव्हिल सोडू नये. आरक्षण हा आपण लढून मिळवलेला हक्क आहे आणि टेप योग्य हातात असण्याची गरज अजून संपलेली नाही. प्रामाणिक कनिष्ठ अभियंता एका तालुक्यात जे करू शकतो ते मी इथं बसून करू शकत नाही. एक कायद्याची गोष्टही ध्यानात ठेवा. महाराष्ट्राचा जातीचा दाखला केंद्राच्या नोकरीला चालतो, पण तमिळनाडू सरकारच्या नोकरीत त्यावर आरक्षण मिळत नाही. राज्य बदललं की राज्यातलं आरक्षण सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बीरसिंग खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून इथं कितीही वर्षं राहा, गावाकडचे दाखले आणि जात वैधता प्रमाणपत्र जपून ठेवा. मुलांना लागतील.

ज्यांना नोकरी आहे पण पगारात भागत नाही, त्यांनी नोकरी न सोडता एक वर्ष रात्रीचे दोन तास द्यावेत. वर्षाअखेर एक तरी काम तयार झालं आणि अजून गोडी आहे, तर शेजारचं दार शोधा. आराखड्यांचं सॉफ्टवेअर, नकाशांचं म्हणजे जीआयएसचं काम, इमारतीचं त्रिमिती मॉडेल करायचं बीआयएमचं काम. क्यूजीआयएस फुकट आहे, त्यापासून सुरुवात करता येते.

आणि जे फक्त पॅकेज ऐकून यायचं म्हणतात त्यांना मी थोडं थांबवते. सुरुवातीच्या पातळीवरचं साधं कोडिंग आता यंत्र करू लागलं आहे. नव्या लोकांना पूर्वीसारखं घाऊक घेत नाहीत. ज्याला फक्त कोड येतो त्याची जागा अरुंद होत चालली आहे. ज्याला कोडबरोबर एखादं खरं क्षेत्र कळतं, पाणी, बांधकाम, शेती, हिशेब, त्याला अजून वाव आहे. सिव्हिलची चार वर्षं ओझं समजून फेकू नका, असं मी म्हणते ते याचसाठी.

शेवटी एक काम सांगून थांबते. १ आणि २ डिसेंबर २०१५ ला या भागात जो पाऊस झाला तो इथले लोक विसरलेले नाहीत. २४ तासांत तांबरमला ४९ सेंटीमीटर. मुडिचूर, वरदराजपुरम पाण्याखाली. पाणी उताराकडं जातं हे सिव्हिलच्या पहिल्या वर्षात शिकवतात, आणि उताराला कुणाची घरं असतात हे कुणी शिकवत नाही. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला कुणाला बोलावतात, हेही तुम्हाला माहीत आहे.

मॅनहोल या शब्दाकडं पाहा. माणसासाठीचं भोक. त्याचं माप ठरतं ते माणूस आत उतरू शकेल असं. ते माप इंजिनीअरच्या पुस्तकात आहे, मी परीक्षेत ते लिहून गुण मिळवले आहेत. हातानं मैला साफ करून घेण्यावर बंदीचा कायदा २०१३ चा आहे. गटारात मरण आलं तर १० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितली, २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी माणूस उतरतोच आहे आणि तो कुठल्या जातीचा असतो ते मी इथं सांगायची गरज नाही. ज्या भोकात माणूस उतरणारच नाही असं गटार आखायला सिव्हिलचा माणूस लागतो. कुठं तुंबलंय हे वरून ओळखणारी, आत यंत्र पाठवणारी व्यवस्था लिहायला सॉफ्टवेअरचा माणूस लागतो. या हॉलमध्ये दोन्ही बसलेत, आणि त्या भोकात कुणाचे काका-मामा उतरले ते ठाऊक असलेलेही इथंच बसलेत. असा संच दुसऱ्या कुठल्या कंपनीत सापडणार नाही.

तेव्हा जाताना दोन गोष्टी करा. दाराशी वही ठेवली आहे. तुमच्या कंपनीत जागा निघाली की त्यात लिहा, म्हणजे आपल्याही पोरांना रेफरल मिळेल. आणि महिन्यातून एक रविवार द्या. सिव्हिलवाले आणि कोडवाले एकत्र बसू, तांबरमच्या एका वॉर्डचा उतार आणि गटारांचा नकाशा क्यूजीआयएसवर काढू. पहिली बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, याच हॉलमध्ये, सकाळी दहा वाजता. लॅपटॉप असेल त्यानं आणावा, नसेल त्यानं टेप आणावी.

जय भीम.